शस्त्रक्रियेनंतरचे रिकामे महिने

कापून काढलेली अन्ननलिका ऑपरेशन थिएटरमधून पॅथॉलॉजी विभागात येते, तेव्हा तिच्यासोबत जठराचा वरचा थोडा भाग आणि आजूबाजूची चरबी असते. नळी उभी चिरतात, उघडून एका फळीवर टाचण्यांनी ताणून बसवतात आणि फॉर्मालिनमध्ये ठेवून देतात. नंतर पॅथॉलॉजिस्ट हातमोजे घालून ती चाचपून बघतो. ऑपरेशनपूर्वी केमो आणि किरणोपचार झालेले असतील, तर गाठ पुष्कळदा नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. तिच्या जागी एक पांढरट, टणक, आवळल्यासारखा व्रण असतो. त्या व्रणाच्या चकत्या करायच्या, मेणात बसवायच्या, मेणाच्या ठोकळ्यातून काही मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, काचपट्टीवर जांभळ्या-गुलाबी रंगांत रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक बघत जायचं. चरबीत दडलेल्या लसिकाग्रंथी बोटांनी शोधून काढायच्या आणि त्याही अशाच तपासायच्या. या सगळ्या खटाटोपातून अहवालात एक ओळ उतरते: व्रणात जिवंत कर्करोगपेशी शिल्लक आहेत, किंवा नाहीत.

सर्जननं घरच्यांना आधीच सांगितलेलं असतं की गाठ पूर्ण निघाली, कडा स्वच्छ आहेत. ते खरंच असतं. पण ज्या पेशी पाच आठवड्यांच्या केमोला आणि किरणांना पुरून उरल्या, त्यांच्या जातीच्या आणखी काही पेशी शरीरात दुसरीकडे कुठे नसतीलच, असं कुणी सांगू शकत नाही. म्हणून 'शिल्लक आहेत' ही ओळ वाचली की डॉक्टर गंभीर होतात. आणि २०२० सालापर्यंत जगातल्या मोठ्यातल्या मोठ्या कर्करोग रुग्णालयातही त्या ओळीनंतर देण्यासारखं सिद्ध झालेलं औषध नव्हतं. दर काही महिन्यांनी स्कॅन करायचा, आणि रोग उलटतो का याची वाट बघायची. ज्यांच्या घरात हा आजार येऊन गेलाय, त्यांना हे महिने काय असतात ते वेगळं सांगायला नको. पेशंट हळूहळू जेवायला लागलेला असतो, चालायला लागलेला असतो, आणि प्रत्येक खोकला, प्रत्येक ठसका घरातल्या सगळ्यांच्या छातीत कळ उठवून जातो.

त्या रिकाम्या महिन्यांत द्यायला काहीतरी सापडलं, त्याची ही हकीकत. ती सुरू होते क्योतोमधल्या एका प्रयोगशाळेत, आणि तिथे त्या वेळी अन्ननलिकेचा विचारही कुणाच्या मनात नव्हता.

त्याआधी या अवयवाविषयी थोडं सांगायला हवं. अन्ननलिका म्हणजे छातीच्या मधोमध, पाठीच्या कण्यासमोरून, श्वासनलिका आणि हृदय यांच्या मागून, महाधमनीला लागून जाणारी साधारण २५ सेंटिमीटरची नळी. पोटातल्या आतड्यांवर बाहेरून जे गुळगुळीत आवरण असतं, ते हिच्या बहुतेक भागावर नाही. शिवाय तिच्या अस्तराखालीच लसिकावाहिन्यांचं दाट जाळं आहे. त्यामुळे इथली गाठ लवकर खोल जाते आणि लवकर पसरते. घास अडकायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो, कारण नळी ताणली जाते आणि माणूस नकळत पातळ खाण्यावर येतो. २०२० या एका वर्षात जगभरात सहा लाखांहून अधिक लोकांना हा कर्करोग झाला आणि सुमारे साडेपाच लाख त्यानं दगावले. हे दोन आकडे इतके जवळ आहेत, यातच सगळं आलं.

शल्यचिकित्सकांनी मात्र हार मानलेली नव्हती. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रान्झ टोरेक यांनी ६७ वर्षांच्या एका बाईची छातीतली अन्ननलिका काढली. जोडायला काही उरलं नव्हतं. म्हणून मानेतलं वरचं टोक त्यांनी बाहेर आणलं, जठरालाही पोटावर तोंड केलं, आणि दोघांच्या मध्ये रबराची नळी बसवली. ती बाई शरीराबाहेरच्या त्या नळीतून जेवत पुढची बाराएक वर्षं जगली. अन्ननलिका काढून तिच्या जागी जठरच छातीत वर ओढून जोडण्याची किमया यशस्वी करणाऱ्या पहिल्यांमध्ये तोहरू ओसावा हे जपानी सर्जन होते. साल १९३३, गाव क्योतो. आजचं ऑपरेशन मूळ कल्पनेत तेच आहे. जठराची लांब नळी करून ती वर न्यायची. नंतर माणसाला थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा खावं लागतं, उशी उंच घेऊन झोपावं लागतं, पण तोंडानं जेवता येतं.

एवढं मोठं ऑपरेशन करूनही रोग उलटायचा. मोठा फरक पडला तो नेदरलँड्समध्ये. २००४ ते २००८ या काळात तिथल्या डॉक्टरांनी ३६८ रुग्णांवर 'क्रॉस' नावाची चाचणी केली. निम्म्यांचं थेट ऑपरेशन. निम्म्यांना आधी पाच आठवडे, आठवड्यातून एकदा कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल, सोबत २३ बैठकांत किरणोपचार, आणि मग ऑपरेशन. २०१२ साली निकाल छापून आला. थेट ऑपरेशन झालेल्यांचं मध्यक आयुष्य २४ महिने, आणि आधी उपचार मिळालेल्यांचं ४९ महिन्यांहून थोडं अधिक. मध्यक म्हणजे गटातले निम्मे लोक ज्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे, तो टप्पा. आयुष्य दुपटीनं वाढलं होतं. जगभर 'क्रॉस'ची पद्धत रूढ झाली.

पण त्याच निकालात आणखी एक आकडा होता. आधी उपचार मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांच्या अन्ननलिकेत पॅथॉलॉजिस्टला एकही जिवंत कर्करोगपेशी सापडली नाही. म्हणजे उरलेल्या ७१ टक्क्यांमध्ये सापडली. दहातल्या सात जणांच्या अहवालात 'शिल्लक आहेत' असं लिहिलं जात होतं. त्यांना नंतर पुन्हा केमो द्यावी, तर ऑपरेशनमधून उठलेलं शरीर ती पेलत नाही, आणि दिलीच तर फायदा होतो असा ठोस पुरावाही नव्हता. म्हणून स्कॅन करा आणि थांबा.

आता क्योतो. १९९०च्या सुमाराला क्योतो विद्यापीठात तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा नावाचा तरुण संशोधक एका वेगळ्याच प्रश्नाच्या मागे होता. आपल्या शरीरातल्या अनेक पेशी वेळ आली की ठरवून मरतात. प्रतिकारशक्तीच्या टी पेशींमध्ये तर स्वतःच्याच शरीरावर उलटू शकतील अशा पेशी लहानपणीच मोठ्या संख्येनं मारून टाकल्या जातात. या मरणाचा हुकूम कोणता जनुक देतो? इशिदांनी उंदराच्या दोन प्रकारच्या पेशी घेतल्या. एक प्रकार चेतवला की मरायचा, दुसरा वाढीचं रसायन काढून घेतलं की मरायचा. मरणाच्या वाटेवरच्या या पेशींमध्ये कोणते जनुक चालू झालेत हे त्यांनी धडधाकट पेशींशी ताडून पाहिलं. जे दोन्हींत सारखं होतं ते वजा करत गेले. शेवटी हाताला लागला एक जनुक. १९९२ साली तो प्रसिद्ध झाला आणि त्याला नाव मिळालं पीडी-१. पेशींच्या नियोजित मृत्यूवरून ठेवलेलं.

पण हा जनुक काही पेशी मारत नव्हता. मग तो करतो काय, हे कळायला सात वर्षं लागली. या मधल्या वर्षांविषयी मला विशेष आदर वाटतो. शोध लागलाय, पण कशाचा लागलाय ते माहीत नाही, अशा स्थितीत एखादी प्रयोगशाळा एवढा काळ तग धरते, पैसा आणि माणसं त्यावर लावत राहते, ही साधी गोष्ट नाही. होंजो यांच्यासोबत नागाहिरो मिनातो आणि हिरोयुकी निशिमुरा यांनी हा जनुकच नसलेले उंदीर तयार केले. सुरुवातीला ते उंदीर चांगले ठणठणीत दिसत होते. पिंजऱ्यात वय वाढू लागलं तसे काही उंदरांचे सांधे सुजले, मूत्रपिंडं बिघडली. त्यांची प्रतिकारशक्ती त्यांच्याच शरीरावर चालून गेली होती. उंदरांच्या दुसऱ्या एका वाणात तर हृदय फुगून, निकामी होऊन उंदीर लवकर मेले. १९९९ आणि २००१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि चित्र स्पष्ट झालं. पीडी-१ हा टी पेशींचा लगाम होता. तो काढला की त्या बेभान होतात.

लगाम कोण खेचतं, हेही याच सुमारास कळलं. शरीरातल्या अनेक पेशींच्या पृष्ठभागावर पीडी-एल१ नावाचं प्रथिन असतं. ते टी पेशीवरच्या पीडी-१ला येऊन टेकलं की टी पेशी शांत होते. अमेरिकेत लीपिंग चेन यांनी हे प्रथिन १९९९ साली वेगळ्या नावानं नोंदवलं होतं. २०००मध्ये होंजो यांच्या गटानं बोस्टनच्या गॉर्डन फ्रीमन आदींसोबत ते पीडी-१चं जोडीदार असल्याचं दाखवलं. आणि लक्षात आलं की कर्करोगाच्या अनेक गाठी हे प्रथिन अंगावर बाळगून असतात. टी पेशी गाठीपर्यंत पोचते, शत्रू ओळखते, आणि ऐनवेळी तिचा लगाम खेचला जातो. २००२ साली योशिको इवाई, मिनातो आणि होंजो यांनी उंदरांत दाखवून दिलं की हा संबंध तोडला तर कर्करोगाची वाढ रोखता येते.

यानंतर औषध बनायला धडाक्यात सुरुवात झाली असेल, असं वाटेल. तसं झालं नाही. कर्करोगावर प्रतिकारशक्तीनं इलाज करण्याचे प्रयत्न त्याआधी कित्येक दशकं फसले होते, आणि या वाटेनं जाणाऱ्यांकडे मोठे डॉक्टर साशंक नजरेनं पाहायचे. होंजो ओसाकाच्या ओनो या औषधकंपनीकडे गेले. कर्करोगाची औषधं हे ओनोचं क्षेत्र नव्हतं. भागीदार शोधताना एकामागून एक कंपन्यांनी नकार दिले. शेवटी माणसाच्या शरीराला चालतील अशी प्रतिपिंडं बनवण्याचं तंत्र असलेली अमेरिकेची मेडारेक्स ही कंपनी पुढे आली. पीडी-१वर जाऊन बसणारं आणि लगाम कुणाच्या हाती लागू न देणारं प्रतिपिंड तयार झालं. तेच निव्होलुमॅब. २००९ साली ब्रिस्टल-मायर्स स्क्विबनं मेडारेक्स विकत घेतली. पहिल्या ३९ रुग्णांवरचा अभ्यास २०१०मध्ये आला, त्यानंतर २०१२मध्ये सुझान टोपॅलियन आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या मेलानोमाबरोबर फुप्फुस आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगातही गाठी आकसल्याचं दाखवलं, तेव्हा साशंक मंडळीही बघत राहिली. जुलै २०१४मध्ये जपानमध्ये औषधाला परवानगी मिळाली. २०१८चं नोबेल होंजो आणि अमेरिकेचे जेम्स ॲलिसन यांना मिळून देण्यात आलं.

सुरुवातीच्या वर्षांत हे औषध दिलं जात होतं ते मुख्यतः पसरलेल्या, हाताबाहेर गेलेल्या आजारात. तिथे काही जणांना विलक्षण फायदा व्हायचा आणि बहुतेकांना फारसा नाही. अन्ननलिकेच्या पसरलेल्या कर्करोगातही जपानमधल्या एका लहान अभ्यासात साधारण सहातल्या एका रुग्णाची गाठ लक्षणीय आकसली होती. मग एक वेगळा विचार पुढे आला. टी पेशींना डोंगराएवढ्या रोगाशी लढायला लावण्यापेक्षा, ऑपरेशननंतर जो चिमूटभर रोग मागे उरलाय त्याच्याशी लढायला लावलं तर? शिवाय आधीच्या केमो-किरणांनी गाठ फोडलेली असते. मेलेल्या पेशींतली प्रथिनं बाहेर सांडलेली असतात, टी पेशींना शत्रूची ओळख झालेली असते. आणि त्याच वेळी उरलेल्या कर्करोगपेशी स्वतःला वाचवण्यासाठी पीडी-एल१ अधिक बाहेर काढतात, असेही पुरावे होते. तर्क पटण्यासारखा होता. पण या विषयात पटण्यासारखे तर्क माणसांत फसल्याची उदाहरणं कमी नाहीत.

जुलै २०१६मध्ये चाचणी सुरू झाली. नाव चेकमेट ५७७. २९ देशांतली १७० केंद्रं, एकूण ७९४ रुग्ण. प्रमुख होते मूळचे आयर्लंडचे आणि डॅलसच्या बेलर विद्यापीठ वैद्यकीय केंद्रातले डॉ. रोनन केली. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन रुग्णालयातले डॉ. जाफर अजानी आणि इतर अनेक त्यांच्यासोबत. अटी मोजक्याच, पण काटेकोर: आधी केमो-किरणं झालेली हवीत, गाठ पूर्ण निघालेली हवी, आणि तरीही पॅथॉलॉजिस्टच्या अहवालात जिवंत पेशी शिल्लक असल्याची नोंद हवी. ज्यांना आजवर 'थांबा' एवढंच सांगितलं जात होतं, नेमके तेच लोक. त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांच्या लसिकाग्रंथींतही रोग सापडलेला होता.

तिघांतल्या दोघांना निव्होलुमॅब, एकाला औषध नसलेलं सलाइन. कुणाच्या शिरेत काय चाललंय ते डॉक्टरला माहीत नाही, रुग्णालाही नाही. पहिले १६ आठवडे दर पंधरा दिवसांनी २४० मिलिग्रॅम, नंतर दर चार आठवड्यांनी ४८० मिलिग्रॅम, जास्तीत जास्त एक वर्ष. सलाइन अर्ध्या तासात संपतं. केस गळत नाहीत. दुसऱ्या दिवशी पोटात काही ठरणार नाही, अशी धास्तीही सहसा नसते. ज्यानं पाच आठवडे केमो आणि किरणं सोसलीत, त्याला हे औषध सौम्य वाटणं स्वाभाविक आहे.

पण ते सौम्य आहे असं समजणं धोक्याचं. लगाम सुटलेल्या टी पेशींना कर्करोग आणि शरीर यांतला फरक दर वेळी कळतोच असं नाही. थायरॉइड बिघडतं, अंगावर पुरळ येतं, आतड्याला सूज येऊन जुलाब लागतात, फुप्फुसाला सूज येऊन धाप लागते. क्वचित हृदयाचा स्नायूच सुजतो, आणि तो प्रसंग जिवावर बेततो. क्योतोच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांच्या हृदयांनी याची सूचना फार आधी देऊन ठेवली होती. म्हणून हे औषध चालू असताना कोरडा खोकला, नवीन धाप, न थांबणारे जुलाब अशी तक्रार आली, तर ती 'ऑपरेशननंतर असं होतंच' म्हणून सोडून द्यायची नसते. लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. वेळेत स्टेरॉइड सुरू झालं तर यातले बहुतेक त्रास आटोक्यात येतात.

सप्टेंबर २०२०. युरोपातल्या कर्करोगतज्ज्ञांचं वार्षिक अधिवेशन. एरवी तिथे हजारो माणसं जमतात, पण ते करोनाचं वर्ष होतं. सगळं पडद्यावर. जगभरचे डॉक्टर आपापल्या घरांतून, वॉर्डांतल्या खोल्यांतून बघत होते. केलींनी अन्ननलिकेच्या रुग्णांचे दोन आलेख दाखवले. रोग न उलटता जगलेला काळ, सलाइनच्या गटात मध्यक ११ महिने. निव्होलुमॅबच्या गटात २२.४ महिने.

हे ११ महिने नीट समजून घ्यायला हवेत. ऑपरेशन यशस्वी झालं, कडा स्वच्छ आल्या, माणूस घरी गेला, आणि तरीही वर्ष पुरं व्हायच्या आत निम्म्या लोकांचा रोग उलटला किंवा ते गेले. थांबण्याचा अर्थ एवढा भीषण होता. औषधानं तो काळ दुप्पट केला. रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. दूरच्या अवयवांत रोग उलटण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २९ टक्क्यांवर आलं. औषधामुळे गंभीर त्रास १३ टक्क्यांना झाला, नुसत्या सलाइनच्या गटात तशी नोंद ६ टक्क्यांची. त्रासापायी औषध सोडावं लागलं ते ९ टक्क्यांना. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं म्हणजे स्क्वॅमस प्रकारच्या कर्करोगात फायदा अधिक ठळक दिसला: ११ महिन्यांचे जवळपास ३० महिने.

या कर्करोगाचे मुख्य प्रकार दोन. एक ॲडिनोकार्सिनोमा, नळीच्या खालच्या टोकाला, वर्षानुवर्षं वर येणाऱ्या आम्लामुळे आणि लठ्ठपणामुळे होणारा. युरोप-अमेरिकेत तो जास्त. दुसरा स्क्वॅमस, तंबाखू आणि दारूशी घट्ट नातं असलेला. चीन, जपान, इराण आणि भारतात तोच जास्त. चेकमेट ५७७मध्ये मात्र स्क्वॅमसचे रुग्ण जेमतेम २९ टक्के होते.

१ एप्रिल २०२१ रोजी हा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. २० मे रोजी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं परवानगी दिली. अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्या आणि पेशी शिल्लक राहिलेल्या माणसाला देण्यासारखं, चाचणीनं सिद्ध झालेलं औषध पहिल्यांदाच डॉक्टरांच्या हाती आलं.

हकीकत इथेच संपवली असती तर ती फार देखणी झाली असती. पण खरा प्रश्न रुग्णाच्या मनात पहिल्या दिवसापासून वेगळा असतो. रोग उशिरा उलटला हे ठीक, पण मी जास्त जगेन का? त्याचं उत्तर यायला आणखी चार-साडेचार वर्षं जावी लागली. २०२५मध्ये शिकागोच्या अधिवेशनात केलींनीच ते मांडलं. निव्होलुमॅबच्या गटातलं मध्यक आयुष्य ५१.७ महिने, सलाइनच्या गटातलं ३५.३ महिने. फरक सोळा महिन्यांहून अधिक. तरीही संख्याशास्त्राच्या कसोटीला तो उतरला नाही. मध्यकापाशी आलेख दूर होते, पण पूर्ण आलेखाचा विचार केला तर मृत्यूचा धोका १५ टक्क्यांनीच कमी दिसत होता, आणि तो निव्वळ योगायोग असण्याची शक्यता नाकारता येत नव्हती.

काही डॉक्टरांनी यावरून औषधाची किंमत आणि त्रास यांचा हिशेब नव्यानं मांडला. मला तो रास्त वाटतो. दुसरी बाजूही खरी आहे. सलाइनच्या गटात ज्यांचा रोग उलटला, त्यांच्यातल्या काहींना नंतर हेच किंवा या जातीचं औषध मिळालं. त्यामुळे फरक झाकला गेला असू शकतो. शिवाय रोग नसलेलं एक वर्ष आणि रोग उलटून पुन्हा केमोत गेलेलं एक वर्ष, ही आयुष्याची सारखी वर्षं नव्हेत. माझं मत विचाराल तर, हे औषध रोग मागे ढकलतं हे सिद्ध झालंय आणि आयुष्य वाढवतं हे सिद्ध झालेलं नाही, ही दोन्ही वाक्यं रुग्णाला एका दमात सांगितली पाहिजेत. पहिलं सांगून दुसरं गाळणं हा अन्याय, आणि दुसऱ्याच्या नावाखाली पहिलं नाकारणं हाही अन्यायच.

दरम्यान वाटाही बदलू लागल्या आहेत. 'एसोपेक' या जर्मन चाचणीत ॲडिनोकार्सिनोमाच्या रुग्णांना किरणोपचार न देता, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर चार औषधांची केमो दिली. त्यांचं मध्यक आयुष्य ६६ महिने निघालं, आणि 'क्रॉस' पद्धतीनं उपचार झालेल्यांचं ३७. हा निकाल २०२४मध्ये जाहीर झाला. त्यामुळे ॲडिनोच्या अनेक रुग्णांसाठी केमो-किरणं, मग ऑपरेशन, मग निव्होलुमॅब ही साखळीच मागे पडते आहे. प्रतिकारशक्तीनं इलाज करणारी ही पद्धत, म्हणजे इम्युनोथेरपी, तिथेही येतेय, पण ऑपरेशनच्या आधीपासून, केमोच्या सोबतीनं. ऑपरेशननंतरच्या निव्होलुमॅबचं खरं घर आता स्क्वॅमसचे रुग्ण आहेत. म्हणजे आपल्याकडचे. तंबाखू मळून तोंडात ठेवणारे, मिश्री लावणाऱ्या बायका, बिडी आणि दारू दोन्ही असलेले.

आणि नेमकं त्यांच्याच आवाक्यात हे औषध नाही. वर्षभराच्या पूर्ण मात्रेचा खर्च ऐकून किती कुटुंबं ओपीडीतून नुसती उठून जातात, ते कर्करोगाच्या कोणत्याही सरकारी किंवा धर्मादाय दवाखान्यातल्या डॉक्टरला विचारावं.

परळच्या टाटा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी या अडचणीला थेट हात घातला, तो अन्ननलिकेत नव्हे, तोंड-घशाच्या कर्करोगात. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी बरा न होणारा रोग असलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी केली. सगळ्यांना तोंडावाटे घ्यायची स्वस्त औषधं. निम्म्यांना सोबत निव्होलुमॅब, पण दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम. नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. हा अंधारात मारलेला तीर नव्हता. २०१०च्या त्या पहिल्या अभ्यासातच दिसलं होतं की अगदी कमी मात्रेतही टी पेशींवरचे बहुतेक पीडी-१ व्यापले जातात, मात्रा वाढवली तरी ते प्रमाण फारसं वाढत नाही. टाटाच्या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं.

या निकालावरून अन्ननलिकेच्या रुग्णाला ऑपरेशननंतर २० मिलिग्रॅम पुरेल, असा निष्कर्ष काढता येत नाही. रोग वेगळा, टप्पा वेगळा, सोबतची औषधं वेगळी. तिथे केवळ अंदाजानं मात्रा कमी करणं म्हणजे रुग्णाच्या जिवाशी प्रयोग. पण हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, आणि तो कुणी औषधकंपनी आपणहून विचारील अशी आशा धरण्यात अर्थ नाही, कारण त्याचं उत्तर 'हो' आलं तर तोटा तिचाच. ऑपरेशन झालेले, अहवालात जिवंत पेशी शिल्लक असलेले स्क्वॅमसचे रुग्ण भारतातल्या मोठ्या केंद्रांत दर वर्षी येत असतात. त्यांच्यातल्या एका गटाला कमी मात्रा आणि दुसऱ्याला फक्त देखरेख, अशी रीतसर चाचणी सरकारी पैशातून करता येईल. सलाइनच्या गटातल्या निम्म्या लोकांचा रोग वर्षाच्या आत उलटला होता किंवा ते गेले होते, हे लक्षात घेतलं तर तिचं उत्तर मिळायला फार वर्षंही लागणार नाहीत.